मूळ नोंद

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्ही चौघांनी फोनवर बराच वेळ विचार केला. वसतिगृहातील पहाटेची घंटा, थंड पाण्याच्या आंघोळी, रविवारच्या जेवणातील गोड पदार्थ, गुरुजनांचा धाक आणि माया यांविषयी आमच्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. शेवटी ठरले ते असे की, शाळा सोडल्यानंतर शाळेतच आमच्या हातून जी एक चूक घडली आणि तिच्यातून आम्ही जे शिकलो, तेच लिहावे. विषय संगणकाच्या नावाचा आहे. तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे, परंतु त्यात एका विद्यार्थ्याच्या अनेक दिवसांच्या श्रमाचा प्रश्न होता, आणि आमच्या शब्दाचाही.

आम्ही चौघे दहावीच्या एकाच तुकडीचे. तिघे पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. चौथी नाशिकमध्येच एका महाविद्यालयात शिकवते. एका कार्यालयाने वापरातून काढलेले बारा संगणक आम्हांला मिळाले, तेव्हा ते शाळेला द्यावेत असे साहजिकच मनात आले. यंत्रे जुनी होती, पण धडधाकट होती. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चढवायची, एक सामायिक छपाईयंत्र जोडायचे आणि मुलांसाठी संगणक कक्ष सुरू करून द्यायचा, असा बेत ठरला. हाताशी केवळ शनिवार-रविवार होता. म्हणून आम्ही एकच संगणक नीट तयार केला, त्याला ‘नमुना’ असे नाव दिले आणि त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत उरलेल्या अकरा यंत्रांवर उतरवली. काम झपाट्याने झाले. सगळ्या अडचणीची मुळे त्या झपाट्यातच होती, हे कळायला पुढे दोन महिने लागले.

रविवारी दुपारी नामकरणाचा कार्यक्रम झाला. एकाच जाळ्यात बारा संगणक असले, तर प्रत्येकाला स्वतंत्र नाव लागते. नाही तर कोणते यंत्र कोणते, हे नावावरून ओळखता येत नाही. हे सांगताना आम्ही मुलांना थोडा इतिहास सांगितला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या संगणकाला १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या महासंगणकाचे नाव ‘परम ८०००’. अमेरिकेत आजच्या इंटरनेटच्या पूर्वीचे जाळे होते, तेव्हा सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती यादी सांभाळली जाई. संगणक वाढत गेले तशी एक यादी पुरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज सर्वत्र वापरात असलेल्या नाव-व्यवस्थेचा आराखडा मांडला. १९९० साली डॉन लिब्स यांनी तर ‘संगणकाला नाव कसे द्यावे’ यावरच एक टिपण लिहिले. यंत्राला स्वतःचे नाव देऊ नये, चालू प्रकल्पाचे नाव देऊ नये, एखादा विषय घेऊन त्यातील नावे द्यावीत, असा व्यवहारी सल्ला त्यात आहे.

विषय कोणता घ्यावा, असे विचारताच मुलांनी नद्या सुचवल्या. आपल्या शाळेत जिल्ह्याच्या सर्व तालुक्यांतून मुले येतात, आणि प्रत्येकाला आपल्या गावाची नदी हवी होती. इगतपुरीच्या मुलीने दारणा मागितली, दिंडोरीच्या मुलाने कादवा, बागलाणच्या दोघांनी मोसम आणि आरम. त्र्यंबकच्या मुलांना गोदावरी आणि वैतरणा दोन्ही पाहिजे होत्या. वालदेवी, नासर्डी, आळंदी, बाणगंगा, पुनद अशी नावे येत गेली. कळवण तालुक्यातील आठवीतला एक अबोल मुलगा शेवटी उभा राहिला आणि म्हणाला, “गिरणा राहिली.” बारावे नाव गिरणा पडले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला रोज पडद्यावर आपल्या नदीचे नाव दिसणे म्हणजे काय, हे वसतिगृहात राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

मुलांचा एक हट्ट होता, की नाव मराठीत दिसावे. संगणकाच्या जाळ्यातील नावात रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच चालते, असे सांगून आम्ही तो टाळला. हे उत्तर अर्धेच खरे होते. त्याविषयी पुढे येईलच.

संध्याकाळ झाली होती, आणि आम्हांला पुण्याची गाडी गाठायची होती. आमच्यापैकी एकाने रांगेतून जात प्रत्येक संगणकावर नाव बदलण्याची आज्ञा दिली. पडद्यावर एकामागून एक नद्या उमटल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या, छायाचित्रे निघाली. यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करण्याची तसदी मात्र आम्ही घेतली नाही. नावे पडद्यावर दिसत होती. मग आणखी काय पाहायचे, असे आम्हांला वाटले.

त्याच रात्री वीज गेली. सोमवारी सकाळी संगणक सुरू झाले, तेव्हा बाराही पडद्यांवर एकच नाव होते: ‘नमुना’. मुले हसून लोटपोट झाली. मराठीत या शब्दाचा जो दुसरा अर्थ आहे, तो त्यांना चांगलाच ठाऊक होता. “सर, आम्ही सगळेच नमुने झालो,” असे कोणीतरी म्हणाले. संगणक शिकवणाऱ्या सरांनी आम्हांला फोन केला. आम्ही तीच आज्ञा पुन्हा सांगितली. त्यांनी ती बारा वेळा दिली, नद्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नमुना’.

हे का होत होते, ते आम्हांला त्या क्षणी सुचायला हवे होते, कारण गोष्ट प्राथमिक आहे. संगणक चालू असताना त्याचे नाव प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत असते. ‘होस्टनेम’ ही आज्ञा फक्त तेवढेच नाव बदलते. वीज गेली की ती स्मृती कोरी होते. पुन्हा सुरू होताना संगणक ‘ईटीसी’ या कप्प्यातील ‘होस्टनेम’ नावाची फाइल वाचतो आणि तीत जे लिहिले असेल ते नाव धारण करतो. आम्ही फळ्यावर लिहिले होते, वहीत लिहिलेच नव्हते.

आठवडाभराने ही चूक ध्यानात आली. आम्ही सरांना फोन करून ती फाइल कशी बदलायची ते समजावून सांगितले आणि निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला: “फाइलमध्ये लिहिले होते, सकाळी पाहिले तर फाइलमध्येच पुन्हा ‘नमुना’ आहे.” येथे आमचे पाऊल घसरले. आम्ही म्हणालो, “असे होऊच शकत नाही, सर. तुम्ही जतन केले नसेल, किंवा मुलांनी काही छेडछाड केली असेल.” ज्यांनी आम्हांला फळ्यावर पहिले अक्षर काढायला शिकवले, त्यांच्याच पिढीतील एका शिक्षकाला आम्ही हे ऐकवले. सरांनी वाद घातला नाही. मुलांना मात्र त्यांनी विचारले, आणि विचारणे म्हटले की काही मुलांकडे बोट जातेच. सर्वांत जास्त वेळ संगणकापाशी बसणारा तो कळवणचा मुलगा होता. त्याला विचारणा झाली. त्याने “मी काही केले नाही” एवढेच सांगितले आणि तो गप्प झाला.

पुढे सहामाही परीक्षा आली. संगणक कक्षात बैठकव्यवस्था करावी लागली. मेजे हलवली, यंत्रे एका बाजूला रचली, आणि परीक्षा संपल्यावर ती दिसेल त्या जागी परत ठेवली. यंत्रांवर आम्ही कागदी चिठ्ठीही चिकटवली नव्हती, कारण नाव पडद्यावर दिसणारच होते. आता बाराही जण ‘नमुना’ होते. त्यातच जाळ्यात एका नावाची अनेक यंत्रे आली की प्रणाली आपणहून त्यांच्यामागे दोन, तीन, चार असे आकडे लावते. आणि ते आकडे कोण आधी सुरू झाले त्यावर ठरतात. आजचा तिसरा उद्या सातवा होत असे. ‘वैतरणा’ हे यंत्र वारंवार अडखळत होते, म्हणून आम्ही सरांना सल्ला दिला की, त्यावर नमुन्याची प्रत पुन्हा उतरवा. सरांनी आकडा पाहून यंत्र ओळखले आणि प्रत उतरवली. प्रत उतरवल्यावर आधीचे सारे पुसले जाते.

ते यंत्र वैतरणा नव्हते, गिरणा होते. दिवाळीच्या सुटीत त्या मुलाने आपल्या गावातील नऊ विहिरींच्या पाण्याची पातळी रोज मोजली होती. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने तिचे तक्ते, आलेख आणि दहा पानांचे निवेदन तयार केले होते. ते सर्व गिरणावर होते. मोजमापाची वही सुदैवाने त्याच्या पेटीत होती. बाकी काही राहिले नाही.

सरांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच आम्हांला अधिक शरम वाटली. पुढच्या शनिवारी पहाटेच आम्ही चौघे शाळेत हजर झालो.

संगणक कक्षात जाण्यापूर्वी कार्यालयात नमस्कार करायला गेलो. आमच्या वेळचे भाऊसाहेब आता निवृत्तीला आले आहेत. त्यांच्या मेजावर जनरल रजिस्टर उघडे होते आणि समोर एक पालक उभे होते. मुलाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव चुकीचे पडत होते. तीनदा दाखला बदलून घेतला, तरी पुढच्या वर्षी निघालेल्या कागदावर तेच चुकीचे नाव येई. भाऊसाहेब त्यांना शांतपणे सांगत होते, “दादा, दाखला कितीदाही खोडून लिहिला तरी काय उपयोग? दाखला उतरतो या रजिस्टरावरून. इथली नोंद रीतसर दुरुस्त करून घ्या, म्हणजे पुढचे सारे कागद आपोआप बरोबर निघतील.” मग त्यांनी शेजारच्या रकान्याकडे बोट दाखवले. पूर्वी झालेल्या दुरुस्त्या कोणत्या तारखेला झाल्या आणि त्यांवर कोणाची सही आहे, ते तेथे होते. “नोंद बदलली की कोणी बदलली, केव्हा बदलली, हे आधी बघावे,” असे ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. संगणकातील प्रत्येक फाइललाही असाच एक रकाना असतो. ती शेवटची केव्हा बदलली याची तारीख आणि वेळ तेथे नोंदलेली असते. दोन महिन्यांत आम्ही तो एकदाही पाहिला नव्हता.

कक्षात गेल्यावर प्रथम आम्ही मुलांना बोलावले. तपासणी त्यांच्यासमोर व्हावी, असे आम्ही ठरवले होते. सुरुवातीला त्या मुलाला आणि सरांना, सर्वांच्या देखत, सांगितले की चूक आमची होती. तुम्ही दोघांनी जे सांगितले ते खरे होते आणि आम्ही ते ऐकून घेतले नाही. मुलगा काही बोलला नाही. सर म्हणाले, “आता ते सापडते का बघू.”

मग आम्ही एकेक शंका घेऊन ती तपासत गेलो. पहिली शंका अशी की, काही सार्वजनिक संगणकांवर दर वेळी सुरू होताना जुनी स्थिती परत आणणारे सॉफ्टवेअर असते; तसे काही आहे काय? एक साधी फाइल तयार केली, यंत्र बंद करून सुरू केले. फाइल जागेवर होती. म्हणजे डिस्कवर लिहिलेले टिकत होते. दुसरी शंका अशी की, जाळ्यातील राउटर यंत्राला पत्ता देताना नावही सुचवू शकतो. ते तेथून येते काय? जाळ्याची तार काढून यंत्र पुन्हा सुरू केले. नाव तरीही ‘नमुना’. म्हणजे राउटरचा दोष नव्हता. तिसरी पायरी भाऊसाहेबांची. ‘होस्टनेम’ या फाइलमध्ये ‘गिरणा’ लिहिले, वेळ पाहिली, यंत्र पुन्हा सुरू केले आणि फाइलची नोंद उघडली. तीत बदलाची वेळ यंत्र सुरू झाल्यानंतरच्या काही सेकंदांची होती. त्या वेळी कोणाचाही हात कळफलकावर नव्हता. बारा मुले साक्षीला होती. फाइल कोणी मूल बदलत नव्हते. यंत्र सुरू होताना त्याच्या आतलेच काहीतरी ती बदलत होते.

नंतर सुरुवातीच्या घडामोडींची नोंदवही, जिला लॉग म्हणतात, ती त्या सेकंदापाशी उघडली. तेथे ‘क्लाउड-इनिट’ हे नाव आढळले. मोठ्या संगणक केंद्रांत एकाच नमुन्यावरून शेकडो यंत्रे उभी करतात. तेव्हा प्रत्येक नव्या यंत्राला सुरू होताना नाव, खाती, किल्ल्या देण्याचे काम हे साधन करते. आम्ही जी प्रणाली निवडली होती, तिच्यात ते आधीपासून होते. त्याच्याजवळच्या टिपणात यंत्राचे नाव ‘नमुना’ असे होते, आणि डिस्कची प्रत काढताना ते टिपणही अकरा ठिकाणी गेले. ते साधन इमानाने आपले काम करीत होते. दर वेळी यंत्र जागे झाले की ते टिपण पाही, फाइलमध्ये वेगळे नाव दिसले तर ते खोडून टिपणातले लिही. त्याच्या दृष्टीने ‘गिरणा’ ही चूक होती. दोष त्याचा नव्हता. त्याला सोबत आणून विसरून गेलेल्यांचा होता.

उपाय दोन ओळींचा निघाला. त्या साधनाच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ असा एक पर्याय असतो. आहे ते नाव राखावे, असा त्याचा अर्थ. त्यापुढे ‘नाही’ होते, तेथे ‘होय’ केले. मग ‘होस्टनेमसीटीएल’ या आज्ञेने नाव दिले. ही आज्ञा चालू नाव आणि फाइलमधील नाव दोन्ही एकदम बदलते. शेजारच्या ‘होस्ट्स’ या फाइलमध्येही जुने नाव होते, तेही बदलले. ते राहिले तर यंत्र स्वतःचेच नाव ओळखत नाही आणि प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेला तक्रार करते. शोधता शोधता आणखी एक गोष्ट सापडली. प्रत्येक यंत्राला जन्मतः मिळणारा एक लांबलचक ओळखक्रमांकही प्रत काढल्यामुळे बाराही यंत्रांत एकच झाला होता. असे झाले की राउटर दोन यंत्रांना एकच समजून एकच पत्ता देऊ शकतो. वैतरणा अडखळत होती ती बहुधा यामुळेच. नवे क्रमांक दिल्यानंतर तिची तक्रार थांबली.

मराठी नावाचा हट्टही त्या दिवशी पुरवता आला. आजच्या लिनक्समध्ये संगणकाला तीन नावे असू शकतात. फाइलमध्ये लिहिलेले कायमचे नाव, चालू असतानाचे तात्पुरते नाव, आणि माणसांनी वाचण्यासाठी एक सुशोभित नाव. पहिल्या दोघांना रोमन अक्षरांचे बंधन आहे, तिसऱ्याला नाही. ते देवनागरीत लिहिता येते आणि वेगळ्या फाइलमध्ये जतन होते. आम्ही पूर्वी “होत नाही” म्हणालो होतो, ते केवळ घाईपोटी.

‘गिरणा’ लिहून झाल्यावर आमच्यापैकी एक जण सवयीने “झाले” असे म्हणाला. तेव्हा तो मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा बोलला: “दादा, बंद करून बघू का?” त्याने यंत्र बंद केले, पुन्हा सुरू केले. गिरणा. पुन्हा बंद केले. या वेळी मुख्य बटणच काढले, जणू वीज गेली आहे. गिरणा. तिसऱ्या वेळीही गिरणा. मग तो उठला आणि पुढच्या यंत्रापाशी गेला. बाराही यंत्रांची परीक्षा त्याने अशीच तीन-तीनदा घेतली. संध्याकाळ झाली, आमची गाडी चुकली, पण त्या वेळी कोणी घड्याळ पाहिले नाही. यंत्रांवर कागदी चिठ्ठ्याही चिकटवल्या, कारण पडदा बंद असतानाही यंत्र ओळखता आले पाहिजे. मुलांचे काम रोज रात्री सरांच्या संगणकावर प्रत होऊन जाईल, अशीही व्यवस्था केली. ती तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

पुसलेले काम मात्र परत आले नाही. वहीवरून त्याने तक्ते पुन्हा भरले. दोन मित्र शेजारी बसून आकडे वाचून दाखवत. निवेदन नव्याने लिहिले. प्रदर्शनाला ते वेळेवर पोहोचले, एवढे समाधान आहे. पण त्याचे चार रात्रींचे श्रम आमच्या खात्यावर आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांबरोबर त्रिरश्मी डोंगरावरील लेणी पाहायला गेलो. शाळेत असताना दर वर्षी जात होतो, पण या वेळी नजर नावांकडेच गेली. आज लोक या डोंगराला सर्रास पांडवलेणी म्हणतात. आतील शिलालेखांत मात्र तो ‘त्रिरश्मि’, ‘तिरण्हु’ अशा नावांनीच आला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात आणि गौतमी बलश्रीने तिसऱ्या लेण्यात आपापले दान कोरून ठेवले, तेव्हा डोंगराचे हे नावही कोरले गेले. बोलण्यातील नाव बदलले. मूळ नाव दगडात आहे, म्हणून ते पुन्हा घेता येते. शहराचेही तसेच. येथल्या एका लेखात नाशिककरांच्या दानाचा उल्लेख आहे. मुघल अमलात या शहराला गुलशनाबाद म्हणत. पुढे मराठ्यांच्या काळात नाशिक हेच नाव पुन्हा चालू झाले. हे सांगत असताना एका मुलीने विचारले, “म्हणजे नाशिक हे फाइलमधले नाव, आणि गुलशनाबाद चालू नाव?” आम्ही हसलो, पण तिला समजले होते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज कार्यालयांत, संस्थांत, गावच्या वाचनालयांत संगणक सांभाळतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. नाव टिकत नसेल, तर ते केवळ चालू स्मृतीत बदलले की फाइलमध्येही बदलले, हे आधी पाहावे. फाइलही बदलत असेल, तर ती केव्हा बदलते त्याची वेळ पाहावी. वेळ यंत्र सुरू होण्याची असेल, तर सुरू होताना लिहिणारा कोण, हे लॉगमध्ये शोधावे. प्रत काढून उभे केलेल्या यंत्रात मूळ यंत्राचे काय काय सोबत आले, ते तपासावे. आणि यंत्र एकदा पूर्ण बंद करून सुरू केल्याशिवाय काम झाले असे कोणाला सांगू नये.

एक सूचना यंत्राबाहेरचीही आहे. समोरचा माणूस “मी लिहिले होते, तरी बदलले” असे म्हणतो, तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवण्यापूर्वी ती नोंद स्वतः उघडून पाहावी. आम्ही दूर बसून दोन महिने उत्तरे देत राहिलो. उत्तर सापडले ते शाळेत येऊन पाहिले तेव्हा.

निघताना भाऊसाहेबांना सगळे सांगितले. ते हसले, आणि त्यांनी कपाटातून आमच्या वर्षाचे रजिस्टर काढले. चौघांची नावे, आईवडिलांची नावे, गाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस सुवाच्य अक्षरांत तेथे होते. आम्ही आपापली ओळ बोट ठेवून वाचली. सर्व बरोबर होते. भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटले आणि पुन्हा कपाटात जागच्या जागी ठेवले.